आधी सावली, मग पंप, मग पॅनेल: कमी विजेच्या घराचं गणित

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या सभेला एक सोलरवाले आले होते. गच्चीचा नकाशा, पॅनेलची संख्या, अनुदानाचा आकडा, सगळं नीट मांडलं त्यांनी. बोलून झाल्यावर शेवटच्या मजल्यावरच्या काकूंनी हात वर केला. म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे हो, पण माझं घर रात्री बारा वाजेपर्यंत भट्टीसारखं तापलेलं असतं. पॅनेल लावलं की ते गार होईल का?" सोलरवाल्यांना प्रश्न विषयाबाहेरचा वाटला. त्यांनी हसून पुढचा विषय घेतला. मला मात्र त्या सभेतला सगळ्यांत नेमका प्रश्न तोच वाटला, आणि हा लेख त्याच प्रश्नातून निघाला आहे.

सोलरची चर्चा सध्या घरोघरी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने 'पीएम सूर्यघर: मुफ्त बिजली योजना' सुरू केली. उद्दिष्ट एक कोटी घरांचं. घराच्या छतावर १ किलोवॅटचा संच बसवला तर ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. त्याच वेळी जर्मनीत, इंग्लंडमध्ये, कॅनडात राहणारी आपली मुलं-भाचरं फोनवर दुसराच एक शब्द बोलतात: हीट पंप. जर्मनीत तर घर उबदार ठेवणारे जुने गॅसचे बॉयलर काढून हे पंप बसवण्यावरून सरकार अडचणीत येण्याइतका वाद झाला.

हे दोन विषय खरं तर एकाच घराचे आहेत. पॅनेल वीज देतं. ती वीज हीट पंप अतिशय काटकसरीने वापरतो. आणि पंपाला मुळात काम किती पडणार, हे घराच्या भिंती, छत आणि खिडक्या ठरवतात. आपल्याकडे ही साखळी शेवटाकडून सुरू होते: आधी पॅनेल, मग एसी, आणि छत-भिंतीचा विचार कधीच नाही.

उष्णता उपसणारं यंत्र

गिझर वीज घेतो आणि कॉइल तापवतो. एक युनिट वीज गेली की एक युनिट उष्णता मिळाली. त्याहून जास्त मिळणं शक्यच नाही. हीट पंप ही कॉइल तापवायच्या भानगडीत पडत नाही. बाहेरच्या हवेत असलेली उष्णता तो गोळा करतो आणि पाण्यात किंवा खोलीत आणून सोडतो. म्हणून त्याला पंप म्हणायचं. विहिरीवरचा पंप पाणी तयार करत नाही, असलेलं पाणी वर चढवतो, तसंच हे.

पण गार जागेतली उष्णता गरम जागेत जाईल कशी? उष्णता आपली आपण उताराकडेच वाहते. गरम चहा गार होतो, गार चहा आपोआप गरम होत नाही. इथे दोन गोष्टी उपयोगी पडतात आणि दोन्ही तुम्ही अनुभवलेल्या आहेत.

पहिली, द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. माठातलं पाणी गार राहतं ते पाझरून उडून जाणाऱ्या पाण्यामुळे. इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट लावलं की गार लागतं, तेही त्याच कारणाने. लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या शेगडीला लावलेला सिलिंडर कधी हात लावून पाहा. आतला द्रव गॅस भराभर वायू होत असतो, म्हणून सिलिंडरची खालची बाजू बर्फासारखी गार होते, तिच्यावर घाम सुटतो, कधी पांढरं हिमही धरतं. आचारी मग तो सिलिंडर पाण्याच्या घमेल्यात उभा करतात. त्या क्षणी तो सिलिंडर घमेल्यातल्या पाण्याची उष्णता ओढत असतो, म्हणजे हीट पंपाचं अर्धं काम करत असतो.

दुसरी, वायू दाबला की तापतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक चटका बसेल इतकं गरम होतं, ते यामुळे.

या दोन्ही गोष्टी एका बंद नळीत एकापाठोपाठ एक घडवल्या की झाला हीट पंप. नळीत फार कमी तापमानाला उकळणारा एक पदार्थ असतो. मेकॅनिक त्याला नुसतं 'गॅस' म्हणतात, आपणही तेच म्हणू. बाहेरच्या हवेच्या स्पर्शाने तो उकळतो, वायू होतो आणि हवेची उष्णता पोटात घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्यामुळे तो पाण्याहूनही गरम होतो. मग तो पाण्याच्या टाकीभोवतीच्या नळीतून फिरतो, उष्णता पाण्याला देतो आणि पुन्हा द्रव होतो. पुढे एका बारीक तोंडातून सुटला की दाब उतरतो, गॅस गार पडतो आणि परत हवेतली उष्णता घ्यायला मोकळा. वीज लागते ती कॉम्प्रेसरला आणि छोट्या पंख्याला.

तुमच्या घरातला फ्रिज हेच करतो. आतली उष्णता काढून बाहेर टाकतो, म्हणून त्याची मागची किंवा बाजूची भिंत कोमट लागते. एसीही हीट पंपच. खोलीतली उष्णता तो बाहेर फेकतो. म्हणजे आपल्यातल्या कित्येकांच्या घरात एक हीट पंप आधीच भिंतीवर लटकलेला आहे.

एका युनिटात तीन युनिटांचं काम, ही फसवणूक तर नाही?

हा संशय रास्त आहे. 'एक युनिट वीज द्या, तीन युनिट उष्णता घ्या' असं कोणी म्हणालं की सावध व्हायलाच हवं. पण जमाखर्च जुळतो. एक युनिट विजेकडून आलं, दोन हवेकडून आली, पाण्यात तीन जमा झाली. हवेने दोन युनिट दिली याचा पुरावा हवा असेल तर चालू हीट पंपाच्या पंख्यासमोर हात धरा. बाहेर पडणारी हवा आत जाणाऱ्या हवेपेक्षा स्पष्ट गार असते.

हे प्रमाण ठरलेलं नसतं. इथे पुन्हा विहिरीकडे जाऊ. पाणी दहा फुटांवर असेल तर थोड्या विजेत भरपूर पाणी मिळतं, शंभर फुटांवर असेल तर तीच वीज थोडंच पाणी देते. हीट पंपाच्या बाबतीत विहिरीची खोली म्हणजे दोन तापमानांतला फरक. २८ अंशांच्या हवेतून ४५ अंशांचं पाणी काढायचं तर उपसा कमी, वीज कमी. १० अंशांच्या हवेतून ६५ अंशांचं पाणी मागितलं तर दुपटीहून जास्त वीज लागते. ढोबळमानाने पाणी एक अंश जास्त गरम मागितलं की दोन-अडीच टक्के वीज वाढते. आंघोळीला आपण तसंही ४०-४२ अंशांचं पाणी घेतो. ६५ अंशांचं पाणी तापवून त्यात निम्मं गार मिसळण्यात पंपाचा बराचसा फायदा वाया जातो.

यंत्र नवं नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिनने १८५२ मध्येच ही कल्पना मांडली होती, आणि स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या जुन्या नगरभवनात १९३८ मध्ये लिमाट नदीच्या गार पाण्यातून उष्णता उपसून दालनं उबदार केली जाऊ लागली.

एक बादली पाण्याचा हिशेब

आकड्यांशिवाय हे सगळं हवेतच राहील, म्हणून बादलीपासून सुरुवात करू. २० लिटरची बादली, नळाचं पाणी २२ अंशांचं, आंघोळीला हवं ४२ अंशांचं. लागणारी उष्णता जवळपास अर्धं युनिट. चौघांचं कुटुंब, चार बादल्या, म्हणजे दोन युनिट. गिझरच्या टाकीतून आणि नळीतून निसटणारी उष्णता धरली तर रोज सव्वादोन-अडीच युनिट. हीट पंपाला याच कामासाठी पाऊण-एक युनिट पुरतं.

आता पॅनेलची बाजू. महाराष्ट्रात १ किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो आणि त्याला साधारण शंभर चौरस फूट मोकळी गच्ची लागते. हल्ली मिळणारं एक मोठं पॅनेल सुमारे ५५० वॅटचं असतं. म्हणजे ते एकटं रोज दोन-सव्वादोन युनिट देतं. चौघांच्या आंघोळीसाठी गिझर एक अख्खं पॅनेल खाऊन टाकतो. हीट पंप त्याच पॅनेलचा तिसरा हिस्सा वापरतो आणि उरलेल्यात घरातले पंखे फिरतात.

गच्चीवर बंब असू दे की पॅनेल?

आपल्याकडे सोलर म्हटलं की जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर पाण्याचा सौरबंबच येतो: गच्चीवरच्या काळ्या काचेच्या नळ्या आणि वर आडवी टाकी. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात हजारो इमारतींवर तो आहे. मग हे नवं खटलं कशाला?

मला या बंबाबद्दल आदर आहे. त्यात फिरणारा भाग नाही, बिघडायला फारसं काही नाही, आणि पडणाऱ्या उन्हातली निम्म्याहून जास्त ऊर्जा तो पाण्यात उतरवतो. पॅनेल उन्हातली जेमतेम २०-२२ टक्केच विजेत बदलतं. वरवर पाहता बंब जिंकतो. पण त्या विजेवर हीट पंप चालवला की तिप्पट उष्णता मिळते. वीस गुणिले तीन, साठ. जवळपास बरोबरी!

मग निकाल लागतो तो वर्षाच्या बारा महिन्यांच्या वागण्यावर. मे महिन्यात कोणालाच कढत पाणी नको असतं, तेव्हा बंब उतू जाईल इतकं गरम पाणी देतो आणि ते वाया जातं. त्याच महिन्यात पॅनेलची वीज मात्र एसीला, पंख्याला, फ्रिजला कामी येते, उरली तर नेट मीटरमधून महावितरणकडे जमा होते. नेट मीटर म्हणजे घेतलेली आणि दिलेली अशी दोन्हीकडची वीज मोजणारं मीटर. युनिटांचं बिल फक्त फरकाचं येतं.

आमच्या इमारतीतला बंब बोअर आणि टँकरच्या पाण्यावर चालतो. त्या जड पाण्याने नळ्यांत क्षारांचे थर जमले, दोनदा नळ्या बदलल्या, आणि खालच्या मजल्यांवर गरम पाणी पोचेपर्यंत दोन-दोन बादल्या गार पाणी वाहून जातं. यात बंब बनवणाऱ्याचा दोष नाही. इतक्या उंच इमारतीत गच्चीपासून तळमजल्यापर्यंतच्या नळीत पाणी रात्रभर निवत पडणार, हे आम्हीच आधी ओळखायला हवं होतं. वीज मात्र नळीत थंड होत नाही. ती तारेने खाली येते आणि पाणी जिथे लागतं तिथेच तापतं.

तरीही तुमचा सौरबंब ठणठणीत चालत असेल तर तो काढू नका. बंगल्यावर, छोट्या इमारतीवर, गोड्या पाण्यावर तो आजही उत्तम आहे.

पावसाळ्यात आणि थंडीत?

जून ते सप्टेंबर बंब जवळपास सुटीवर असतो आणि मग त्याच्या टाकीतली विजेची कॉइल चालू होते. म्हणजे चार महिने तो एक मोठा गिझरच असतो. हीट पंपाला मात्र ऊन लागत नाही, ऊबदार हवा लागते. आपल्या पावसाळ्यातली हवा २५ अंशांच्या आसपास आणि दमट असते. त्या दमट हवेतली वाफ पंपाच्या गार नळ्यांवर पाणी होऊन टपकते आणि टपकताना आपली उष्णता देऊन जाते. म्हणून कोकणातल्या जुलै महिन्यात हे यंत्र अतिशय चांगलं चालतं. शिवाय त्यातून बाहेर पडणारी हवा गार आणि कोरडी असते. पंप ड्राय बाल्कनीत बसवला तर ओल्या कपड्यांना थोडी मदतच होते.

ऊन नसेल तेव्हा पॅनेल कमी वीज देणार, हे खरंच. पावसाळी दिवसाला त्याचं उत्पादन निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतं. पण पंपाची भूक लहान असल्यामुळे तेवढ्यातही भागतं, आणि कमी पडलेली वीज नेट मीटरच्या जमेतून येते.

थंडीबद्दल लोक विचारतात, निफाडच्या पहाटेला चालेल का? तिथली पहाट आपल्याला बोचते, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ८-१० अंशांच्या हवेतही भरपूर उष्णता असते. उष्णता खरोखर संपते ती उणे २७३ अंशांना. नॉर्वेत गोठणबिंदूच्या खूप खाली हेच पंप घरं उबदार ठेवतात. आपल्या सोयीसाठी एवढंच करायचं: पंप पहाटे चालवण्याऐवजी दुपारी एक ते तीन चालवायचा. हवा तेव्हा सगळ्यांत गरम, पॅनेल जोरात, आणि उष्णता बाहेर जाऊ न देणारं उत्तम वेष्टन असलेली टाकी दुसऱ्या सकाळपर्यंत पाणी गरम ठेवते.

ही टाकी म्हणजे बॅटरीच आहे. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर नेलं की त्यात सात युनिट उष्णता साठते, आणि पंपाला त्यासाठी दोन-अडीच युनिट वीज लागते. केंद्राने जून २०२३ मध्ये नियम बदलून दिवसा उन्हाच्या तासांत स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत महाग वीज अशी रचना आणायचं ठरवलं. वेळेनुसार वीज मोजणारे स्मार्ट मीटर आले की दुपारी पाणी तापवणाऱ्याचं बिल आणि पहाटे तापवणाऱ्याचं बिल यात फरक पडणार.

एक खबरदारी. सोसायटीच्या मोठ्या सामाईक टाकीत पाणी कायम ४०-४५ अंशांवर ठेवू नये, त्यात फुप्फुसाचा आजार देणारे जंतू वाढू शकतात. अधूनमधून ते ६० अंशांपर्यंत न्यावं.

काकूंच्या प्रश्नाकडे: घर का तापतं?

आता त्या शेवटच्या मजल्याकडे येऊ, कारण खरा पैसा इथे वाचतो.

काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते काही तासांनी खाली सोडतो. म्हणून बाहेर रात्री नऊला वारा सुटला तरी काकूंच्या छतातून गरम वाफा येत राहतात. छताला हात लावला तर तो कोमट लागतो, पंखा लावला तर तो तीच गरम हवा खाली ढकलतो. अशा खोलीत एसी लावणं म्हणजे तळाला भोक असलेल्या बादलीत पाणी भरत राहणं. एसी उष्णता उपसतो, स्लॅब ती परत भरतो.

भोक बुजवायचे उपाय साधे आहेत. गच्चीवर पांढऱ्या फुटक्या फरशीचा थर, म्हणजे ज्याला आपण चायना मोझॅक म्हणतो तो, किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग. काळवंडलेला स्लॅब बहुतेक ऊन गिळतो, पांढरा त्यातलं बरंचसं आकाशात परत धाडतो. आणि काकूंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: हो, पॅनेलमुळेही फरक पडतो. सांगाड्यावर उंच बसवलेली पॅनेल ही स्लॅबवरची छत्रीच असते. ऊन पॅनेलवर पडतं, खालून वारा खेळतो, स्लॅब सावलीत राहतो. पण ही छत्री पॅनेलखालच्या भागापुरतीच. उरलेल्या गच्चीला पांढरा थर हवाच.

मग खिडक्या. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावली दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या उन्हाला दक्षिणेच्या खिडकीवरचा छज्जा सहज अडवतो. घात होतो तो पश्चिमेकडून. दुपारी चारनंतर सूर्य खाली उतरतो, छज्ज्याखालून थेट पलंगापर्यंत येतो. आतल्या पडद्याने ऊन डोळ्यांआड होतं, उष्णता मात्र काचेच्या आत आलेलीच असते. ती अडवायची तर बाहेरून: बांबूची चटई, झडप, वेल, झाड. आपल्या आज्या ओटीवर वाळ्याचे पडदे बाहेरून सोडायच्या आणि त्यावर पाणी मारायच्या. त्यामागचं शास्त्र पक्कं होतं.

नवीन फ्लॅट घेणाऱ्यांनी भिंत कशाची आहे हे जरूर विचारावं. हल्ली अनेक उंच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून उभ्या राहतात, मिवान म्हणतात त्या पद्धतीने. काम झटपट होतं, पण बाहेरची भिंतही काँक्रीटचीच होते आणि काँक्रीट उष्णता पटकन आत आणतं. आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या हलक्या एएसी ब्लॉकमधून त्याच जाडीला त्याहून खूपच कमी उष्णता येते. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' काढली, तिच्यात याचंच मोजमाप आहे: छत वगळून भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता सरासरी प्रति चौरस मीटर १५ वॅटच्या आत असावी. थंड प्रदेश सोडून बाकी सगळ्या हवामानांना हा आकडा आहे. बिल्डरला कार्पेट एरिया विचारतो तसा हा आकडाही विचारायला हवा.

घराची गरज घटवली तर काय होतं, याचं जगातलं प्रसिद्ध उदाहरण जर्मनीतल्या डार्मस्टाटचं आहे. १९९१ मध्ये तिथे चार कुटुंबं एका अशा घरात राहायला गेली, ज्याच्या भिंतींना जाड वेष्टन होतं, खिडक्यांना तीन काचा होत्या आणि फटी जवळपास नव्हत्या. त्या धर्तीच्या घरांना मर्यादा घातली गेली: वर्षाला प्रति चौरस मीटर १५ युनिट उष्णता. हजार चौरस फुटांच्या घराला म्हणजे वर्षाला साधारण १,४०० युनिट उष्णता. ती विजेच्या तिप्पट उष्णता देणाऱ्या हीट पंपाने पुरवली तर वीज लागते ४७० युनिटांच्या आत. आता आपला दीड टनाचा एसी तासाला सरासरी एक युनिट धरा, रोज आठ तास, तीन महिने: ७२० युनिट. बर्फ पडणाऱ्या गावातलं अख्खं घर हिवाळाभर उबदार राहतं त्याहून जास्त वीज आपली एक तापलेली खोली तीन महिन्यांत घेते.

जर्मनीतला वादही यातूनच समजतो. जुन्या, गळक्या घराला रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली उबदार करणाऱ्या भिंतीवरच्या नळ्यांत, ६०-७० अंशांचं पाणी लागतं, म्हणजे खोल विहीर. वेष्टन केलेल्या घराला फरशीखालच्या नळ्यांत ३५ अंशांचं पाणी पुरतं, म्हणजे उथळ विहीर. पंप तोच, बिल मात्र वेगळं.

वीज गेली तरी आपलं चालू राहील ना?

हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: साधा, ग्रीडला म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेला सोलर संच वीज गेली की बंद पडतो, भर दुपारीसुद्धा. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून सोलर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, स्वतःहून थांबतो. भारनियमनातही वीज हवी असेल तर बॅटरीचा हायब्रीड संच लागतो आणि तो बराच महाग पडतो. विक्रेत्याला हे सही करण्याआधी विचारा.

दुसरं, संच गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. जमा झालेली युनिट आर्थिक वर्ष संपताना उरली तर त्यांचा मोबदला फारच कमी दराने मिळतो. आणि पॅनेलला प्रकाश आवडतो, उष्णता नाही. २५ अंशांच्या वर दर अंशाला त्याची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. विदर्भातल्या मेमध्ये पॅनेल स्वतः ६५ अंशांवर गेलं तर बारा ते सोळा टक्के वीज तिथेच गेली. म्हणून पॅनेलखालून वारा जायला जागा हवी आणि धूळ नियमित पुसली जायला हवी.

गच्ची गळण्याची भीतीही खरी आहे. वॉटरप्रूफिंग फोडून बोल्ट मारू देऊ नका. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो.

एसीतल्या आणि हीट पंपातल्या गॅसचं काय?

जुना आर-२२ गॅस ओझोनच्या थराला घातक होता, तो मागे पडतो आहे. आताचा आर-३२ ओझोनला त्रास देत नाही, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या सहाशे-सातशे पट उष्णता अडवतो. म्हणून गॅस हवेत सोडून नवा भरणारा मेकॅनिक दारात उभा करू नये. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, आचाऱ्याच्या सिलिंडरमधला गॅस ज्या मिश्रणाचा असतो त्यातलाच एक घटक. हवेला तो जवळपास निरुपद्रवी आहे, पण ज्वलनशील असल्याने थोडाच भरतात. या गॅसवरचे एसी आपल्याकडे शिरवळच्या कारखान्यातही बनलेले आहेत.

फ्लॅटवाल्यांनी पैसे कुठे घालायचे?

दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांनी आज पाण्यासाठी हीट पंप घ्यावा असं मी सांगणार नाही. त्याची किंमत साध्या गिझरच्या कित्येक पट असते आणि वाचणार रोजचं दीड युनिट. तेवढी वीज चार जुने पंखे बदलूनही वाचते: ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा लावला, पंखे रोज बारा तास चालले, तर दोन युनिट वाचली. एसी आधीच आहे, तो २४-२५ अंशांवर ठेवून वर पंखा लावा. तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो.

एकत्र कुटुंबाचा बंगला, वसतिगृह, रुग्णालय, लॉज आणि शॉवरला चोवीस तास गरम पाणी देणारी सोसायटी यांनी मात्र नवा गिझर घेण्याआधी हीट पंपाचा दर नक्की काढावा. पाणी जितकं जास्त, तितका पैसा लवकर वसूल. सोसायटीच्या लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे या सामाईक विजेसाठी केंद्राच्या योजनेत प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे ज्यांच्या नावावर गच्ची नाही त्यांनाही सोलरचा फायदा मिळतो.

आमच्या सोसायटीने पहिल्या वर्षी गच्चीला पांढरा थर दिला आणि पॅनेलचा निर्णय पुढे ढकलला. काकू आता रात्री दहाला झोपायला जातात. पॅनेलचं माप ठरवण्यासाठी आम्ही मीटरजवळ एक वही टांगली आहे. तुम्हीही आठवडाभर हे करून पाहा: सकाळी आठ, संध्याकाळी सहा आणि रात्री अकरा, तिन्ही वेळचे मीटरचे आकडे लिहा. आठ ते सहाच्या रकान्यात येईल तेवढी वीज पॅनेल थेट पुरवू शकतं. उरलेल्या दोन रकान्यांतलं पाणी तापवणं, कपडे धुणं, टाकीत पाणी चढवणं यातलं काय काय दुपारी सरकवता येईल ते त्याच वहीत खुणा करून ठेवा, आणि विक्रेत्याला फोन त्यानंतर लावा.